प्रश्न ठरण्याआधी लोकांकडे जा: मधुमेहातील विषमतेवर संशोधन करताना समाजाला सोबत कसं घ्यावं

१९९० पासून पुढची काही वर्षं अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी आपल्या रक्ताचे नमुने संशोधकांच्या हाती दिले. जमातीत मधुमेह फार वाढला होता. पाय कापावे लागत होते, आजारामुळे घर सोडावं लागत होतं. हे आपल्याच वाट्याला का आलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. २००३ मध्ये जमातीतली एक स्त्री विद्यापीठातल्या एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती. तिथे तिला कळलं की तेच रक्त स्किझोफ्रेनिया, नात्यातले विवाह आणि जमातीचे पूर्वज कुठून आले असावेत अशा भलत्याच अभ्यासांसाठी वापरलं गेलं आहे. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने जमातीकडे परत आले.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे संमतीपत्रं होती आणि त्यांवर सह्याही होत्या. कागदावरचे शब्द इतके सैल होते की त्यांत बरंच काही बसवता आलं असतं. पण लोकांशी बोलणं झालं होतं ते मधुमेहाबद्दल, आणि त्यांनी होकार दिला होता तो त्या बोलण्याला.

मधुमेहातली विषमता, म्हणजे या आजाराचं ओझं काही समाजांवर जास्त का पडतं ते, समजून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ही घटना आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं. समाजाला 'सहभागी करून घेणं' म्हणजे पुरेसे लोक नोंदवणं, असा समज आजही अनेक प्रस्तावांमध्ये दिसतो. तो चुकीचा आहे. संशोधनाचा प्रश्न ज्यांनी ठरवला, संशोधन त्यांचंच असतं. म्हणून लोकांना आणायचं असेल तर प्रश्न ठरायच्या आधी आणायला हवं. पुढचे टप्पे याच समजुतीवर उभे आहेत. संशोधक, आरोग्य संस्थांमधले कार्यकर्ते आणि ज्यांच्या दारात संशोधक येतात ते लोक, या तिघांनाही ते उपयोगी पडावेत.

लोक सुटले की विज्ञानही चुकतं

समाजाला सोबत घेणं हा चांगुलपणाचा भाग आहे आणि खरं विज्ञान वेगळंच, असं मानणारे भेटतात. त्यांना तपासणीचं उदाहरण द्यावं.

एचबीएवनसी ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. रक्तातल्या लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ती मोजते. म्हणजे तिचा सगळा भरवसा लाल पेशी किती दिवस जगतात यावर. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या वंशांच्या सुमारे १ लाख ६० हजार लोकांच्या जनुकीय अभ्यासात दिसलं की आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांमध्ये आढळणारा जी६पीडीचा एक जनुकीय प्रकार पुरुषांमधला हा आकडा सुमारे ०.८ टक्के-अंकांनी खाली आणतो. निदानाची रेषा ६.५ टक्क्यांवर असताना ०.८ हा फरक लहान नाही. फक्त याच तपासणीवर विसंबलं तर त्या समाजातल्या अनेकांना 'तुम्हाला मधुमेह नाही' असं सांगितलं जाईल. एकाच वंशाच्या लोकांवर अभ्यास होत राहिला असता तर हे कळलंच नसतं.

वजनाचंही तसंच. अनेक आशियाई लोकांमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तुलनेने कमी असतानाच मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे जादा टप्पे सुचवले. एरवीच्या २५ आणि ३० या रेषा इतर लोकांच्या शरीरांवरून आल्या होत्या.

इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या २०२५ च्या अ‍ॅटलासनुसार २० ते ७९ वयाच्या ५८ कोटी ९० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतले पाचपैकी चारांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि दहांपैकी चारांहून अधिक जणांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नाही. संशोधनात मात्र सहज सापडणारे लोक येतात: शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नियमित येणारे, लिहिता-वाचता येणारे, दिवसा वेळ असणारे. आजाराचं ओझं एका ठिकाणी आणि पुरावा गोळा होतो दुसऱ्याच ठिकाणी.

पहिला टप्पा: 'समाज' म्हणजे नेमकं कोण ते शोधा

प्रस्ताव लिहायच्या निदान सहा महिने आधी हे काम सुरू करा. निधी देणाऱ्यांची मुदत जवळ आलेली असताना हे जमत नाही, आणि घाईघाईने घेतलेली एक सभा म्हणजे सहभाग नव्हे.

'अमुक समाज' असं आपण बाहेरून म्हणतो. आत गेल्यावर कळतं की तो एकसंध नाही. मधुमेहाच्या बाबतीत तर आणखी फाटे फुटतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असणारी व्यक्ती, पन्नाशीत गोळ्या सुरू झालेली व्यक्ती, गरोदरपणात साखर वाढलेली स्त्री, डायलिसिसवर असलेला माणूस, घरातल्या रुग्णाला रोज टोचणारी मुलगी आणि कधीच तपासणी न झालेला शेजारी यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यात भाषा, अपंगत्व, स्थलांतर, रात्रपाळी आणि कागदपत्रांचा अभाव मिळवा.

एका वहीत यादी करायला घ्या. ज्या व्यक्तीशी बोलाल तिला शेवटी दोन प्रश्न विचारा. 'आणखी कुणाशी बोलू?' हा पहिला, तो सगळेच विचारतात. 'तुमच्याशी ज्यांचं पटत नाही असं कोण आहे?' हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नातून ती माणसं सापडतात ज्यांना पहिल्या प्रश्नातून कोणीच पुढे केलं नसतं. समाजाचे पुढारी हे दार उघडणारे असतात, त्यांचा मान ठेवायलाच हवा. मात्र पुढाऱ्याची परवानगी म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे. समाजाच्या आतही कोणाचा आवाज मोठा असतो आणि कोणाचा दबलेला. बायकांशी, तरुणांशी, समाजातच खालच्या पायरीवर मानल्या गेलेल्यांशी वेगळं बसून बोला. सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं की कोण बोलणार हे आधीच ठरलेलं असतं.

पहिल्या भेटीत काय न्यावं? माझ्या मते काहीच नाही, ना सादरीकरण, ना माहितीपत्रक. एक प्रश्न मात्र नक्की न्यावा: 'याआधी इथे कोणी अभ्यास केला होता का, आणि त्याचं पुढे काय झालं?' याचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या. 'येतात, रक्त घेतात, जातात' हे वाक्य कुठल्या ना कुठल्या शब्दांत ऐकायला मिळेल. तिथे स्वतःची बाजू मांडायला लागू नका. लोकांचा अविश्वास हा अडाणीपणा नसतो, ती आठवण असते.

दुसरा टप्पा: प्रश्न एकत्र ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे.

समजा तुमच्या मनात प्रश्न आहे, 'लोक औषधं नियमित का घेत नाहीत?' वरवर साधा वाटतो, पण त्यात दोष कोणाचा हे आधीच ठरून गेलं आहे. हाच विषय घेऊन लोकांमध्ये बसलात तर दुसऱ्या गोष्टी पुढे येतात. महिन्याच्या मधेच गोळ्या संपतात. इन्सुलिन थंड ठेवायला जागा नाही. कामावर टोचून घ्यायला आडोसा नाही. साखर एकदम उतरली तर थांबायची परवानगी नाही. डॉक्टर दर वेळी बदलतात आणि दर वेळी ओरडतात. मग प्रश्न असा होतो: 'औषधं नियमित घेणं कोणत्या व्यवस्थेत शक्य होतं आणि कोणत्या व्यवस्थेत होत नाही?' मोजायच्या गोष्टी बदलतात, नमुना बदलतो, कधी कधी अभ्यासाची जागाच बदलते. पहिल्या प्रश्नाने रुग्णाला उपदेश मिळाला असता. दुसऱ्याने कदाचित औषधांचा पुरवठा सुधारेल.

कॅनडातल्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या कानावाके या वस्तीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या डॉक्टरांना १९८० च्या दशकात मधुमेहाचं प्रमाण खूप जास्त आढळलं. ते आकडे त्यांनी वस्तीसमोर ठेवले, आणि आपल्या मुलांना यातून वाचवण्यासाठी काहीतरी करा अशी मागणी वस्तीतूनच आली. १९९४ मध्ये शाळांमधून मधुमेह टाळण्याचा प्रकल्प सुरू झाला, वस्तीचं स्वतःचं सल्लागार मंडळ आणि संशोधनाची स्वतःची आचारसंहिता घेऊन. त्या संहितेत एक तरतूद आहे जी प्रत्येक करारात असावी: निष्कर्षांच्या अर्थावर संशोधक आणि वस्ती यांचं एकमत झालं नाही, तर कोणीही दुसऱ्याचं तोंड बंद करायचं नाही, दोन्ही अर्थ प्रसिद्ध करायचे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्या आठ वर्षांच्या मोजणीत मुलांच्या त्वचेखालच्या चरबीवर सुरुवातीला चांगला परिणाम दिसला, बीएमआय मात्र घटला नाही. चांगली भागीदारी म्हणजे यशाची हमी नव्हे. पण भागीदारी होती म्हणूनच ते निकाल उघडपणे सांगता आले आणि काम पुढेही चालू राहिलं.

प्रश्न एकत्र ठरवताना एक साधी रीत वापरता येते. लोकांनी सांगितलेल्या अडचणी एकेका चिठ्ठीवर लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढा. मग तीन ढीग करायला सांगा: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे आणि फक्त कृती हवी, ज्यासाठी अभ्यास हवा, आणि जे या प्रकल्पाच्या आवाक्याबाहेर आहे. पहिला ढीग जपून ठेवा. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर पुन्हा अभ्यास करणं म्हणजे लोकांचा वेळ वाया घालवणं. तिथे संशोधकाने संबंधित यंत्रणेला पत्र लिहावं, पाठपुरावा करावा. विश्वास बहुतेकदा या ढिगातल्या कामामुळेच बसतो.

तिसरा टप्पा: पैसा, अधिकार आणि नमुने यांचा लेखी करार

१९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मधे माहिती देणं आणि सल्ला विचारणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. आपला प्रकल्प कुठल्या पायरीवर आहे ते संशोधकांनी आणि समाजातल्या प्रतिनिधींनी वेगवेगळं लिहावं आणि मग कागद शेजारी ठेवावेत. दोन उत्तरांमधलं अंतर हाच चर्चेचा विषय.

सल्लागार मंडळ स्थापन करणं सोपं आहे. त्याला अधिकार देणं अवघड आहे. मंडळाने 'नको' म्हटलं तर काय थांबेल, हे करारात स्पष्ट लिहा. काहीच थांबणार नसेल तर ते मंडळ शोभेचं आहे आणि लोकांना ते दुसऱ्या बैठकीतच कळतं.

करारात कोणते मुद्दे हवेत? निर्णय कोण घेणार, निधीतला किती भाग समाजातल्या संस्थेच्या हाती राहणार, डेटा कुठे आणि कोणाच्या ताब्यात राहणार, रक्ताचे नमुने किती वर्षं ठेवणार आणि नंतर नष्ट करणार की परत देणार, नवा वापर करायचा झाला तर कोणाला विचारणार, लेखांवर नावं कोणाची, वाद झाला तर कोणाकडे जायचं, आणि समाजाला मधेच बाहेर पडायचं असेल तर कसं. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी १९९८ मध्ये डेटाबाबत चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची संहिता काढली, तिचा गाभा आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी असा आहे. हे दोन्ही नमुने समोर ठेवून करार लिहायला बसलं तर कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही.

पैशाबद्दल संकोच करू नका. मंडळातल्या सदस्यांच्या वेळेला मानधन हवं, आणि ते वेळेवर हवं. प्राध्यापकाला बैठकीचा पगार मिळतो आणि शेजारच्या खुर्चीवरच्या रुग्णाचा दिवसाचा रोज बुडतो, याला भागीदारी म्हणता येत नाही. सहभागींना प्रवासखर्च, बुडालेल्या वेळेचा मोबदला आणि मुलं सांभाळण्याची सोय द्यावी. मोबदला इतका मोठा नसावा की नकार देणं अशक्य व्हावं. ती रेषा नैतिकता समितीने एकटीने ठरवू नये, समाजातल्या लोकांना विचारून ठरवावी.

चौथा टप्पा: संमती म्हणजे सही नव्हे

संमतीपत्र वाचून दाखवल्यावर 'समजलं का?' असं विचारलं की बहुतेक जण 'हो' म्हणतात. त्याऐवजी म्हणा, 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर हे तुम्ही कसं सांगाल?' उत्तरात तीन गोष्टी ऐकू यायला हव्यात: यात उपचार मिळणार आहेत की फक्त माहिती घेतली जाणार आहे, कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. यातली एखादी सुटली तर पुन्हा समजावून सांगा. चूक सांगणाऱ्याची असते.

रक्ताची आजची तपासणी, जनुकीय तपासणी, नमुना साठवणं, मधुमेहाशिवाय इतर अभ्यासात वापर आणि इतर संस्थांना देणं, या पाच गोष्टींसाठी पाच वेगळे प्रश्न आणि पाच वेगळी उत्तरं घ्या. सगळ्यांना मिळून एकच सही घेतली की हवासुपाईंच्या बाबतीत झालं तेच पुन्हा होण्याची वाट मोकळी राहते. लांब चालणाऱ्या अभ्यासात दर वर्षी संमती पुन्हा विचारा.

मधुमेहाच्या अभ्यासात काही धोके अगदी रोजचे असतात आणि तरीही प्रस्तावात ते सुटतात. उपाशीपोटीची साखर मोजायची म्हणून लोकांना सकाळी बोलावलं जातं. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणारी व्यक्ती उपाशी रांगेत दोन तास थांबली तर तिची साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली जाऊ शकते. म्हणून अशांची यादी आदल्या दिवशीच करा, डोस कधी घ्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, त्यांचं रक्त सगळ्यात आधी घ्या आणि लगेच खायला द्या. ग्लुकोज हाताशी ठेवा.

दुसरा धोका निदानाचा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर त्या माणसाला पहिल्यांदाच कळणार असतं की आपल्याला मधुमेह असावा. त्रास जाणवत नसेल तर दुसरी तपासणी करून निदान पक्कं करावं लागतं. ती कुठे होईल, खर्च कोण करील, औषधं कुठून मिळतील, हे पहिल्या नमुन्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. पुढची सोय नसताना तपासणी करणं मला अन्यायाचं वाटतं. साखर फारच वाढलेली असेल, खूप तहान, उलट्या, धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याची व्यवस्था हवी.

तिसरा धोका बोभाट्याचा. मधुमेह आहे हे कळल्याने नोकरी जाते, नाती अडतात. तपासणीचा निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका आणि घरी निरोप ठेवू नका. फोन घरातले इतरही उचलतात हे लक्षात ठेवा.

पाचवा टप्पा: भाषा आणि मोजपट्ट्या

प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत आणली की काम संपत नाही. एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावं आणि दोन्ही ताडून बघावं. त्यानंतरची पायरी अनेक जण गाळतात: आठ-दहा जणांसोबत बसून प्रत्येक प्रश्नावर विचारायचं, 'हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?' 'साखर नियंत्रणात आहे का?' हा प्रश्न काहींना चौकशीसारखा वाटतो. 'पथ्य मोडलंत का?' यात आरोपच आहे. लोक आजाराला जो शब्द वापरतात तो वापरा. जेवणाबद्दलची प्रश्नावली स्वयंपाक करणाऱ्यांसोबत बसून तयार करा, नाहीतर ताटातलं निम्मं तिच्यात येणारच नाही. खुणांची भाषा वापरणारे आणि दृष्टी गेलेले लोकही आठवणीने घ्या. मधुमेहाने दृष्टी जाते, आणि तरीही छापील प्रश्नावली हाती दिली जाते.

सहावा टप्पा: कोण वगळलं जातंय ते पाहा

अभ्यासात कोणाला घ्यायचं नाही याची यादी उघडा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा: यामुळे कोण बाहेर जातं? मूत्रपिंडाचा आजार असलेले नकोत, अमुक वयापुढचे नकोत, अमुक भाषा येत नसेल तर नको, स्मार्टफोन हवा, तीन महिन्यांत पत्ता बदलला नसावा. प्रत्येक अटीला कारण असेल, पण सगळ्या मिळून त्याच लोकांना गाळतात ज्यांच्या नावाने विषमतेवरचा निधी मागितला आहे. सुरक्षेसाठी लागणाऱ्या अटी ठेवा. सोयीसाठी घातलेल्या काढा.

वैविध्य आपोआप येत नाही, ते ठरवून आणावं लागतं. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मधुमेह टाळण्यावरच्या अभ्यासात २७ केंद्रांत ३,२३४ लोक होते. त्यांतले निम्मे अल्पसंख्य समाजांतले असावेत हे उद्दिष्ट आधीच ठेवलं होतं, आणि प्रत्यक्षात ४५ टक्के आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल सगळ्यांना माहीत आहे: खाणंपिणं, व्यायाम आणि वजन यांवरच्या कामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. खाणं-व्यायामाचा फायदा सगळ्या वांशिक गटांत दिसतो हे सांगता आलं, कारण ते गट अभ्यासात होते.

माहिती देणं आणि सहभाग यांतला फरक बांगलादेशातल्या एका अभ्यासात स्वच्छ दिसतो. फरीदपूर जिल्ह्यातली ९६ गावं तीन भागांत वाटली. एका भागात स्त्रियांचे आणि पुरुषांचे गट १८ महिने दर महिन्याला भेटत, मधुमेहाच्या अडचणी स्वतः ओळखत आणि उपाय स्वतः ठरवत. दुसऱ्या भागात मोबाइलवर आवाजी संदेश जात. तिसऱ्यात नेहमीचीच व्यवस्था. २०१९ मध्ये निकाल आले: संदेशांनी लोकांची माहिती वाढली, पण मधुमेहाचं प्रमाण बदललं नाही. गटांच्या गावांत मात्र मधुमेह आणि त्याआधीची वाढलेली साखर यांचं एकत्रित प्रमाण ठळकपणे कमी दिसलं. एकत्र बसून ठरवण्याला औषधासारखी ताकद असू शकते, हे यातून मला पटलं.

क्षेत्रकार्यकर्ते त्याच समाजातून घ्या, कायम पगारावर घ्या, आणि त्यांच्यावर येणारा ताण ओळखा. प्रकल्पात काही बिनसलं तर शेजारी त्यांनाच जाब विचारतात. नकार देणाऱ्यांची कारणंही लिहून ठेवा. वीस जणांनी 'सकाळी येता येत नाही' असं सांगितलं तर वेळ बदला, लोकांना बदलायला जाऊ नका. पाठपुराव्यासाठी सहभागीच्या पसंतीच्या दोन माणसांचे संपर्क आणि ते वापरण्याची परवानगी सुरुवातीलाच घ्या, कारण फोन नंबर बदलतात.

सातवा टप्पा: आकड्यांचा अर्थ एकत्र लावा

विश्लेषण संगणकावर होतं, अर्थ माणसं लावतात. कच्चे तक्ते मंडळासमोर ठेवा, निष्कर्ष लिहायच्या आधी. एखाद्या गटात पायाच्या जखमा जास्त दिसल्या तर तुम्ही 'काळजी घेत नाहीत' असं लिहाल, आणि तिथे बसलेलं कोणी सांगेल की कामावर दिलेले बूटच तसे आहेत. वंश किंवा जात हा आकडेवारीतला रकाना असतो. त्यामागे उत्पन्न, घर, कामाचे तास, दवाखान्याचं अंतर आणि मिळणारी वागणूक असते. हे मोजलं नसेल तर वंशाला कारण म्हणू नका.

लहान गटांचा पेच खरा आहे. संख्या कमी म्हणून त्यांना 'इतर' मध्ये टाकलं की ते दिसेनासे होतात. वेगळं दाखवलं तर माणसं ओळखू येतात. याचा निर्णय त्या गटाला विचारून घ्या. माझा कल, आकडे न छापता मुलाखतींतून त्यांचं म्हणणं मांडण्याकडे आहे.

आठवा टप्पा: परत जा

प्रत्येकाचा स्वतःचा निकाल काही दिवसांत, समजेल अशा भाषेत आणि खाजगीत द्या. समाजाचा एकत्रित निकाल शोधनिबंध छापून यायच्या आधी समाजाला सांगा. आपल्याबद्दलची बातमी लोकांनी पहिल्यांदा दुसऱ्याकडून ऐकावी, हे बरोबर नाही. निकाल हवा तसा आला नसेल तरी जा. तेव्हा तर नक्कीच जा.

अभ्यासाच्या काळात मोफत मिळणाऱ्या साखर तपासायच्या पट्ट्या, गोळ्या, इन्सुलिन प्रकल्प संपल्यावर कोण देणार, याचं उत्तर पहिल्या महिन्यातच शोधायला लागा. शेवटच्या महिन्यात ते सापडत नाही.

प्रकल्पभर एक नोंदवही ठेवा. तीन रकाने पुरतात: लोकांनी काय सुचवलं, काय बदललं, बदललं नसेल तर का. सहभागाचा अहवाल कसा लिहावा यासाठी २०१७ मध्ये आलेली ग्रिप-२ ही यादी उपयोगी आहे, पण वही नसेल तर तिच्यात भरायला काही नसतं. वही बैठकीच्या जागी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. दर तीन महिन्यांनी ती मंडळाने वाचावी. मधला रकाना सलग दोन वेळा कोरा राहिला, तर नवीन सहभागी नोंदवणं थांबवा आणि दुसऱ्या टप्प्याकडे परत या.